कुसुमचा बारमाही उन्हाळा

कुसुम तायडे कूलर दुरुस्त करायला घरात शिरली, की आधी कूलरकडे बघायचीच नाही. ती खिडक्यांकडे बघायची. समोरची खिडकी बंद दिसली, की दारातच उभी राहून घरच्यांची हजेरी घ्यायची. "हे कावून बंद केली? वारा आत आला तं त्याले भाईर जायले वाट नको? पावना हाय का थो, का आला अन् बसला?" मग स्वतः जाऊन खिडकी उघडायची, पाच मिनिटं थांबायची, आणि निम्म्या घरांतला कूलर एवढ्यानंच दुरुस्त व्हायचा. अशा वेळी ती चहा पिऊन परत यायची आणि माझ्या ओट्यावर बसून त्या घरच्यांच्या अकलेची मापं काढायची.

खिडकी उघडूनही भागलं नाही, तर मात्र ती कूलरच्या पाठीवर तळहात ठेवायची आणि डोळे मिटायची. आमच्याकडचे वैद्य नाडी बघायचे तशी. "बेअरिंग गेली." "पंपात गाळ हाय." "याले कोनं तरी लात मारली हाय." या तिसऱ्या निदानावर घरातलं कोणी ना कोणी हमखास खाली मान घालायचं.

अमरावतीचा उन्हाळा बाहेरच्यांना सांगून समजत नाही आणि आम्हाला कोणी सांगावा लागत नाही. मार्चपासून जूनपर्यंत आमच्या घरात सगळ्यात मानाची वस्तू म्हणजे कूलर. पाहुणा आला की त्याला कूलरसमोरची खुर्ची देतात, आणि तो नावडता असला तर बाजूची. अशा गावात कूलरचा मेकॅनिक म्हणजे काय ते सांगायला नको. कुसुम आमच्या गल्लीत आली तेव्हा मला दिसलं होतं ते एवढंच: आमच्या घराची रस्त्याकडची खोली रिकामी होती, आणि एक उंचीपुरी बाई ती दुकानासाठी मागायला आली होती.

साडी नेसलेली, आणि साडीवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट. आमच्याकडे कापूस वेचायला जाणाऱ्या बाया ऊन लागू नये म्हणून असा शर्ट घालतात, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. अंबाड्यात आकड्याऐवजी टेस्टर खोचलेला होता, त्याचं तेवढं नवल वाटलं. खोली बघून झाली, आणि तिनं एक दम घेऊन भाषण सुरू केलं.

"वयनी, मांगून कोनी सांगन त्यापेक्षा मीच सांगते. मी जलमले तवा घरच्यायनं पोरगा झाला म्हनून पेढे वाटले. चुकी त्यायची बी नाई, माझी बी नाई. आता मी कुसुम हाय. माझ्यासारख्या काही बहिनी टाळी वाजवून पोट भरतात, मी पाना फिरवून भरते. कूलर, पंखा, मिक्सर, मोटर, सगळं करते. खोली द्याची तं द्या, नाई तं राग नाई."

मी फक्त विजेचं मीटर वेगळं लागेल का, एवढंच विचारलं होतं.

खोली दिली. आमच्या ह्यांनी "लोक काय म्हणतील" असं एकदा म्हणून पाहिलं. त्याच दिवशी कुसुमनं आमचा तीन वर्षं कण्हणारा छताचा पंखा एका तासात गप्प केला, आणि आमचे हेही गप्प झाले. खोलीत तिनं एका फळीवर बुद्धाची छोटी मूर्ती ठेवली, दुसऱ्या फळीवर पंप, आणि खिळ्याला एक प्लास्टिकची फाइल अडकवली. त्या फाइलला हात लावायचा नाही, हे न सांगता सगळ्यांना समजलं.

साडीवरचे ते शर्ट तिचेच होते, आधीच्या जन्मातले. एकदा मी विचारलं, "टाकून का नाही देत गं? आठवणी येत असतील." तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली, की मला माझं सगळं शिक्षण वाया गेल्यासारखं वाटलं. "वयनी, कापड चांगलं हाय. कापडाले काय मालूम आत कोन हाय?" कुसुम हे जुनं नाव का घेतलं, याचंही तिच्याकडे असंच रोकडं उत्तर होतं. तिच्या माईनं पोरगी झाली तर म्हणून राखून ठेवलेलं नाव ते. पोरगी काही झाली नाही, नाव तसंच पडून होतं. ते तिनं उचललं.

धंदा मात्र लगेच उचलला नाही. पहिल्या उन्हाळ्यात लोक दुकानासमोरून जाताना चपला सावकाश घासत जायचे आणि कूलर घेऊन चौकातल्या मेकॅनिककडे जायचे. बदल झाला तो मागच्या आळीतल्या एका म्हातारीमुळे. दुपारी दोनची वेळ, घरातले पुरुष कामावर, सून बाळंतीण, आणि कूलर बंद. चौकातल्या मेकॅनिकला बोलवायचं तर घरात पुरुष माणूस नाही. बाळंतिणीच्या खोलीत परका गडी कसा घ्यायचा? म्हातारीनं खूप विचार केला आणि काठी टेकत कुसुमच्या दारात आली. "चाल वो बाई," ती म्हणाली, "घरी बायाच हायेत, तूच पायजे."

त्यानंतर दुपारची सगळी गल्ली कुसुमची झाली. बारा ते पाच या वेळात बायांच्या घरात बिनधास्त शिरू शकणारी ती अख्ख्या भागातली एकटी मेकॅनिक होती. कूलर उघडता उघडता तिनं किती सासवा-सुनांच्या कहाण्या ऐकल्या असतील, त्याची गणती नाही. पुढे तिचं कुसुम या नावाचं सरकारी ओळखपत्र आलं, ते तिनं मला कौतुकानं दाखवलंही. पण वर म्हणाली, "हे मांगून आलं वयनी. पयलं सर्टिफिकेट त्या बुढीनं देल्लं."

गोळ्यांची गोष्ट तिनं मला अशीच एका दुपारी, चहात बिस्कीट बुडवताना सांगितली. रोज दोन प्रकारच्या गोळ्या. "एक नवं आनाची, एक जुनं रोकाची," असा तिचा हिशेब. पाच-सहा वर्षं ती त्या नेमानं घेत होती, अकोल्याच्या हार्मोनच्या डॉक्टरीणबाईंकडे दर काही महिन्यांनी रक्त तपासून येत होती. मुंबईच्या एका दवाखान्यात ऑपरेशनची तारीख मिळाली, तेव्हा आधी काही आठवडे गोळ्या थांबवायला सांगितल्या होत्या, त्या तिनं थांबवल्या. दिवाळी झाली, दुकानाची किल्ली माझ्याकडे देऊन ती गेली, आणि दोन महिन्यांनी परत आली ती वाळून, पिवळी पडून, पण अशा तोऱ्यात की जणू कलेक्टर होऊन आली आहे.

एक फरक मला पहिल्याच दिवशी जाणवला. आमच्या वऱ्हाडातल्या जुन्या बाया बोलताना सरळ "मी जातो", "मी येतो" म्हणतात. कुसुम तोवर कधी चुकूनही तसं म्हणायची नाही, पुण्याच्या बाईसारखं "जाते", "येते" करायची. परत आली आणि पायरीवरूनच ओरडली, "वयनी, चाय ठेवा, मी येतो!" मी तिच्याकडे पाहिलं, तर डोळा बारीक करून हसली. "आता कोनाले दाखवाचं हाय?"

"आणि गोळ्या?" मी विचारलं.

"बंद. डाक्टरनंच सांगतलं," ती म्हणाली आणि फाइल खिळ्याला अडकवली. मी कॉलेजच्या ग्रंथालयात पंचवीस वर्षं काढली आहेत. छापील कागदावर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय विश्वास ठेवू नका, असं मी मुलांना रोज सांगते. मी विश्वास ठेवला.

मग मार्च आला, आणि आमच्या घरचा कूलर बिघडला.

म्हणजे मला तसं वाटलं. कूलर पुरा चालू, समोर मी, आणि अचानक छातीपासून वर कानापर्यंत भट्टी पेटल्यासारखं व्हायचं. कपाळावर घाम, ब्लाउज ओला. बाजूच्या खुर्चीत आमचे हे मजेत पेपर वाचत बसलेले. मी कुसुमला हाक मारली. तिनं येऊन पाठीवर तळहात ठेवला, डोळे मिटले, आणि नवल म्हणजे तिलाही काही समजेना. ती कूलरसमोर उभी राहिली. दोन मिनिटांत तिचाही चेहरा लालबुंद, मानेवरून घामाच्या धारा.

"बाप्पा!" ती म्हणाली. "हा तं गरम हवाच फेकून रायला."

तिनं कूलरच्या बाजूंच्या गवताच्या ताट्या बदलल्या. आठ दिवसांनी पुन्हा बदलल्या, या वेळी वाळ्याच्या. पंप नवा टाकला. मोटर काढून पुन्हा बांधली. पंख्याच्या पात्यांचा कोन बदलला. दर वेळी आम्ही दोघी त्याच्यासमोर उभ्या राहून परीक्षा घ्यायचो, आणि दर वेळी दोघींनाही घाम फुटायचा. आमचे हे म्हणायचे, "मला तर हुडहुडी भरतेय." आम्ही त्यांच्याकडे दुर्लक्ष करायचो. पुरुषांना काय कळतं कूलरमधलं? त्या उन्हाळ्यात आम्ही दोघींनी मिळून त्या गरीब कूलरचा जो छळ केला, तो आठवला की मला आजही त्याची माफी मागावीशी वाटते.

दोन घामाघूम बाया एका खोलीत असताना दोष कूलरला लागावा, हे फक्त आमच्याच मुलखात होऊ शकतं. थंड हवेच्या गावात असतो तर आठवड्यात पकडल्या गेलो असतो. इथं कोणीही काही विचारत नाही. घाम आला? येणारच, बेचाळीस-पंचेचाळीस आहे. झोप लागत नाही? कोणाला लागते? चिडचिड होते? वऱ्हाड आहे बाई. जूनमध्ये पाऊस लागला तर आम्ही दमट हवेवर खापर फोडलं. सप्टेंबर असाच गेला. मग ऑक्टोबरची उष्णता आलीच मदतीला. मी एक्कावन्न वर्षांची होते, पाळी सहा महिन्यांपासून रुसून बसली होती, ग्रंथालयातल्या आरोग्याच्या कपाटाची किल्ली माझ्याच कमरेला होती, आणि तरी मी ताट्या बदलत होते.

डिसेंबरात आमच्या महिला मंडळाची सहल चिखलदऱ्याला गेली. कुसुम आमच्या मंडळाची सभासद होती, त्या म्हातारीनंच तिचं नाव घातलं होतं. सकाळी आठला आम्ही एका पॉइंटवर उतरलो. समोर नुसतं धुकं. बायांनी स्वेटर, वर शाल, वर कानटोपी असा बंदोबस्त केलेला. गरम कॉफीचे पेले हातात घेऊन सगळ्या कुडकुडत होत्या. आणि माझ्या छातीपासून ती ओळखीची भट्टी वर निघाली. मी हळूच शाल काढली. मग स्वेटर. कोणी बघू नये म्हणून रेलिंगच्या टोकाला गेले, तर तिथं कुसुम आधीच उभी. शर्टाची वरची बटणं उघडी, केस कपाळाला चिकटलेले, आणि डब्याच्या झाकणानं जोरजोरात वारा घेणं चाललेलं.

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. तिच्या हातातलं झाकण थांबलं.

"वयनी," ती हळू आवाजात म्हणाली, "इथं तं कूलर नाई."

आम्ही एवढ्या हसलो, की मंडळाच्या अध्यक्षा धावत आल्या. त्यांना वाटलं, कोणी दरीत पडलं.  पण परत आल्यावर बसमधून उतरताना कुसुमनं माझा हात धरला आणि म्हणाली, "संगं येता का अकोल्याले? मी एक खोटं बोलली हाय."

जानेवारीत आम्ही अकोल्याला गेलो. डॉक्टरीणबाई लहानशा चणीच्या, चष्मा कपाळावर चढवून वाचणाऱ्या. त्यांनी त्या सकाळीच कुसुमची हाडांची तपासणी करून घेतली होती. आधी त्यांनी तो अहवाल पाहिला, मग कुसुमनं सोबत आणलेली, खिळ्यावरची ती फाइल उघडली आणि मुंबईच्या कागदावर बोट ठेवून मोठ्यानं वाचलं. ठरावीक आठवड्यांनी आपल्या हार्मोनच्या डॉक्टरांना भेटून औषध पुन्हा सुरू करणे. त्याखाली कोणीतरी लाल शाईनं दोन रेघा ओढल्या होत्या.

मी कुसुमकडे पाहिलं. कुसुम छताकडे पाहत होती.

"डाक्टरीनबाई," ती म्हणाली, "तुमचा पंखा एका पात्यानं हलका हाय. डुलून रायला."

"पंख्याचं नंतर. वर्षभर आली का नाहीस?"

तेव्हा कुसुमनं छत सोडलं. "मले मेकॅनिकच्या भाषेत सांगा. पयले दोन गोळ्या होत्या. एक नवं आनाची, एक जुनं रोकाची. आता जुनी मोटरच काढून टाकली. मंग गोळ्या कायले?"

"जुनं रोखायची गोळी गेली, ती कायमची. इथपर्यंत बरोबर आहे तुझं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण जुनी मोटर काढली, नवी कुठे बसवली आपण? तुझं शरीर आता दोन्हींतलं काहीच पुरेसं बनवत नाही. बरं, मला सांग, टाकीत पाणी न घालता कूलर चालवला तर काय होतं?"

"गरम हवा फेकते."

"आणि ताट्यांचं?"

कुसुम उत्तर द्यायला निघाली आणि थांबली. तिला पुढचं दिसलं होतं. "वाळतात," ती म्हणाली. "मंग हात लावला का भुगा होते."

डॉक्टरीणबाईंनी अहवाल तिच्यापुढे सरकवला. "या तुझ्या ताट्या. मणका आणि खुबा. भुगा झालेला नाही अजून, पण वाळायला लागल्यात. तू स्टुलावर चढून माडीच्या खिडकीत कूलर बसवतेस. एकदा पडलीस, तर परत चढशील की नाही, मला सांगता येणार नाही."

 कुसुमनं फक्त मान हलवली. पुढे त्यांनी गोळीऐवजी दंडावर लावायचं जेल लिहून दिलं. चाळिशी उलटली होती, त्यात तिला खर्र्याचं, म्हणजे तंबाखू-सुपारीचं व्यसन, रक्तात गाठ व्हायची भीती गोळीपेक्षा जेलनं कमी. खर्रा मात्र आजपासून बंद. पन्नाशीपर्यंत तरी जेल रोज लावायचं, पुढचं तेव्हा बसून ठरवू. एवढं बोलून त्यांनी चष्मा खाली घेतला आणि माझ्याकडे वळल्या.

"आणि तुम्ही? जानेवारी महिन्यात माझ्याच फाइलनं वारा घेताय."

"मी हिच्या सोबत आलेय," मी म्हणाले.

"सोबत येणाऱ्यांना घाम येतो का एवढा?"

मी फाइल खाली ठेवली. त्यांनी मला चार प्रश्न विचारले, तपासण्यांची यादी दिली आणि पंधरा दिवसांनी पुन्हा यायला सांगितलं.

परतताना बसमध्ये कुसुम जेलची ट्यूब मांडीवर घेऊन बसली होती, न उघडलेली. मूर्तिजापूरपर्यंत ती ट्यूब उलटी-सुलटी करत राहिली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "वयनी, गोळ्या खात होतो तवा रोज सकाळी वाटे, मी औषधानं बनलेली बाई हाय. गोळी बंद, का बाई बंद. ऑपरेशन झालं, शुद्धीवर आली, अन् वाटलं, आता मी नुसती बाई. कोनाच्या चिठ्ठीची नाई. म्हनून नाई घेतल्या. आता हे लावलं तं पुन्हा तेच ना?"

 मी एवढ्या वर्षांत कधी सकाळी उठून असा विचार केला नव्हता, तो करायची माझ्यावर वेळच आली नव्हती. तिचा हात धरून बसले, तेवढंच.

पुढचे पंधरा दिवस माझे फार वाईट गेले. ट्यूब तिच्या दुकानात, बुद्धाच्या मूर्तीशेजारी, खोक्यातच. खर्रा सोडला होता, त्यामुळे ती सगळ्या गल्लीवर खेकसत होती. हंगामाची तयारी सुरू झालेली, रोज कुठे ना कुठे स्टूल लावून चढणं चाललेलं. मी ग्रंथालयातून अर्ध्या रजा टाकून तिची स्टुलं धरायला जायचे. एकदा एका माडीवर ती दोन्ही हातांनी कूलर खिडकीत सरकवत होती, आणि खाली मी स्टुलाचे पाय धरून अक्षरशः रडत होते. वरून आवाज आला, "वयनी, डोयातलं पानी टाकीत टाका, कामी येईन." मला तिचा इतका राग आला, की स्टूल सोडून द्यावंसं वाटलं. सोडलं मात्र नाही.

पंधरा दिवसांनी पुन्हा अकोला. या वेळी माझे अहवाल आधी निघाले. डॉक्टरीणबाईंनी माझ्या स्त्रीरोगतज्ज्ञांशी फोनवर बोलून घेतलं होतं. त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि समजावून सांगितलं. माझ्या शरीरातलं तेच हार्मोन आटत चाललंय, त्यामुळे हा घाम. तेच जेल, थोडं कमी.

कुसुम खुर्चीत पुढे सरकली. "तेच? हेच माझंवालं?"

"हेच. आणि यांना त्यासोबत आणखी एक गोळी, झोपताना. गर्भाशय आहे ना, त्याच्या रक्षणासाठी ती लागते. तुला ती लागत नाही."

 मी कुसुमच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिच्या मनात काहीतरी जुळत होतं, आणि ते जुळलेलं मला दिसलं. पाठीवर तळहात ठेवून दोष सापडला, की तिचा चेहरा व्हायचा तसाच झाला.

"म्हनजे वयनीले दोन औषधं," ती सावकाश म्हणाली, "अन् मले एक?"

"हो."

"मंग वयनी, औषधानं बनलेली बाई तं तुमी हाय वो!"

डॉक्टरीणबाई चष्मा पुसायच्या निमित्तानं खाली वाकून हसल्या. कुसुम खुर्चीतून उठून माझ्या गळ्यात पडली, हसत होती की रडत होती ते मला समजलं नाही, आणि जाताना डॉक्टरांच्या टेबलावर चढून तिनं तो डुलणारा पंखा नीट करून दिला. हाडांचा अहवाल तिथंच टेबलावर पडलेला असताना. डॉक्टरीणबाईंनी आणि मी तिचा एकेक पाय धरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ती ट्यूब घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आली. "काढा तुमची बी," म्हणाली. त्या जेलची एक अट असते. दंडाला लावलं की पाच मिनिटं वाळू द्यायचं, तोवर कापड लागू द्यायचं नाही, कोणाचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. म्हणून आम्ही बाह्या खांद्यापर्यंत सारून, हात आडवा धरून कूलरसमोर उभ्या राहायचो. कुसुम आधी खिडकी उघडायची. पाच मिनिटं ती जगाचा समाचार घ्यायची आणि मी घड्याळ बघायचे. या पाच मिनिटांबद्दल गल्लीत खूप तर्क होते. दूधवाल्याचं मत होतं की हा योगासनाचा प्रकार आहे. आमचे हे दाराशी येऊन "आज तरी गार हवा येतेय का?" असं विचारून जायचे. येत होती. महिना-दीड महिन्यात आमचा कूलर पूर्ण बरा झाला, एकही ताटी न बदलता.

वर्षानं तिची हाडं पुन्हा तपासली. वाळणं थांबलं होतं, थोडी सुधारणाही होती. तो कागद तिनं फाइलमध्ये ठेवला नाही, दुकानात दर्शनी भागी चिकटवला. गिऱ्हाईक विचारायचं, हे काय आहे? "ताट्यायचा रिपोर्ट," ती सांगायची. गिऱ्हाईक मान डोलवायचं.

मागच्या वर्षी अकोल्यातल्या एका संस्थेनं मुलींना पंखे, कूलर दुरुस्त करायला शिकवण्यासाठी तिला बोलावलं. राहायला खोली, हाताखाली वीस पोरी. आधी तिनं आढेवेढे घेतले, मग एक दिवस म्हणाली, "वयनी, पोरी स्टुलावर चढतीन, मी खाली धरीन. आता माझं थेच वय हाय." मला बरं वाटलं आणि अजिबात बरं वाटलं नाही.

ती गेली तो एप्रिलचा दिवस होता. ऊन टाळायचं म्हणून टेम्पो सकाळी सातलाच आला. सामान चढवायच्या गडबडीत आमची रोजची जेलची वेळ चुकली. निरोपाला सगळी गल्ली जमली होती, ती म्हातारीसुद्धा, आता सुनेच्या खांद्यावर हात ठेवून. कुसुमनं सगळ्यांना भेटून घेतलं, मला मात्र "थांबा, येतो" म्हणून रिकाम्या दुकानात शिरली. मला वाटलं काही विसरलं असेल. मीही धावत घरात गेले, माझं एक काम राहिलं होतं ते उरकून पुन्हा बाहेर आले, तोवर टेम्पो सुरू झाला होता.

ती मागे, दोन कूलरच्या मध्ये तिच्या त्या स्टुलावर बसली होती. जुना निळा शर्ट, अंबाड्यात टेस्टर, आणि उजवी बाही खांद्यापर्यंत वर सारलेली. उघडा हात तिनं टेम्पोच्या बाहेर सरळ धरला होता, वाऱ्यात.

"बघा हो, किती वेळ हात करून राहिली बिचारी," म्हातारीची सून म्हणाली आणि डोळे पुसू लागली. मग सगळी गल्लीच हात हलवू लागली. "वयनी, खिडकी उघडी ठेवा!" टेम्पोतून शेवटचं ओरडणं ऐकू आलं. मी उत्तर दिलं नाही, हातही हलवला नाही. नुसता तो आडवा धरून पायरीवर उभी राहिले. टेम्पो कोपऱ्यावर वळला तेव्हा तिचा हात अजून बाहेरच होता, आणि माझाही वाळला नव्हता.